चांगुणामावशींचं वायरिंग

पहिल्या इलेक्ट्रिशियनने नमुना म्हणून पिशवीतून तांब्याच्या वायरीचा तुकडा काढला, तेव्हा चांगुणामावशींनी तो आधी हुंगला. मग दोन बोटांत धरून दाबला, वाकवला, खिडकीपाशी नेऊन टोकाचं तांबं लाल आहे की काळवंडलंय ते बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "ताजी हाय ना?" कामोठ्याहून आलेला तो टाय लावलेला मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागलो.

आता ज्या बाईचा उभा जन्म पनवेलच्या मासळी बाजारात पाटीमागे बसण्यात गेला, तिने वस्तू पारखायची तरी कशी? मावशी करंज्याच्या कोळ्यांच्या घरातल्या. नवरा गेला तेव्हा मुलगा अजून शाळेत होता. तेव्हापासून पापलेट, सुरमई, बोंबील विकून त्यांनी मुलाला इंजिनीयर केलं आणि आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तोही रोख. मी त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, कर्जात राहतो. मी मूळचा पुण्याचा, विमा कंपनीत नोकरी, आणि या सोसायटीचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे पगार नाही आणि बोलणी मात्र भरपूर, असं एक पद असतं.

मावशींना 'अहो-जाहो' हा प्रकार माहीत नाही. चेअरमन, दूधवाला, मीटर बघायला येणारा माणूस आणि एकवीरा आई, सगळ्यांना एकच 'तू'. माझी पुण्याची आत्या एकदा आमच्याकडे आली होती. जिन्यात मावशी तिला म्हणाल्या, "कवा आलीस? बारीक झालीस गो." आत्याने त्याआधी मावशींना आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. तिने चार दिवस ते एकेरी बोलणं मनाला लावून घेतलं, आणि पाचव्या दिवशी वर जाऊन मावशींकडे चहा पिऊन आली.

विजेबद्दलचं त्यांचं शास्त्रही स्वतंत्र होतं. संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगचे पंखे मंदावले की आम्ही व्होल्टेज कमी झालं म्हणतो. मावशी म्हणायच्या, "ओटी लागली." ओटी म्हणजे ओहोटी. रात्री उशिरा पंखा गरगरा फिरायला लागला की "आता भरती हाय, मिक्सर लावून घे" असं त्या वरून नीताला, म्हणजे माझ्या बायकोला, ओरडून सांगत. आणि मी झोपेत असतानाच नीता खरंच मिक्सर लावून घ्यायची.

खरी भानगड मावशींच्या घरातल्या वायरिंगची होती. बिल्डिंग बांधली तेव्हाचं ते जुनं वायरिंग, लाकडी पट्टीवरून ओढलेलं. आम्ही बाकीच्यांनी कधी ना कधी बदलून घेतलं. मावशींनी नाही. त्यांच्याकडे इस्त्री लावली की फ्रीज बंद करायचा, गिझर लावला की टीव्ही बंद करायचा. फ्यूज तर इतक्या वेळा उडायचा, की तार बांधायला त्या भाजी चिरता चिरता उठत आणि परत येऊन तीच मिरची पुढे चिरत. मी सेक्रेटरी या नात्याने एकदा सोसायटीची नोटीस दिली. ती त्यांनी वाचायला माझ्याकडेच पाठवली. मी वाचून दाखवली. "बरा लिवलाय," म्हणाल्या, आणि विषय संपला.

मग गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मुलगा, सून आणि नातू आठ दिवस राहायला आले. मुलगा महेश कामोठ्याला राहतो, मोठ्या टॉवरमध्ये. नातू आरुष नऊ वर्षांचा. दुसऱ्याच रात्री फ्यूज उडाला, मावशींनी तार बांधली, तो परत उडाला. आरुषच्या पाठीवर घामोळं उठलं. सून रात्रभर वर्तमानपत्राने वारा घालत बसली. सकाळी बॅगा खाली उतरल्या तेव्हा मी दूध घेऊन वर चढत होतो. महेश वाईट मुलगा नाही. तो जिन्यात थांबून, अगदी हळू आवाजात आईला म्हणाला, "आई, लाईटचं तेवढं काहीतरी कर. एक एसी बसव पोराच्या खोलीत. मग येतो आम्ही राहायला. महिनाभर येतो."

मावशींनी ते वाक्य असं घेतलं, जसं कोणी स्टॅम्पपेपरवर सही करून द्यावं. सोसायटीच्या नोटिशीने जे झालं नव्हतं ते त्या जिन्यातल्या वाक्याने झालं. पुढच्या मेच्या आत घरात नवीन वायरिंग आणि मधल्या खोलीत एसी, हे ठरलं. आणि सेक्रेटरी शिकलेला असल्यामुळे भाव काढायचं काम त्याच्याकडे आलं.

मी मोबाईलवर बघून सांगितलं की हल्ली चौरस फुटावर भाव धरतात, किंवा पॉइंटवर. पॉइंट म्हणजे एक बटण आणि त्यावर चालणारा एक दिवा किंवा पंखा, असं समजा. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मोबाईलला काय म्हाईत? त्यो बाजारात बसलाय काय?"

तो टायवाला पहिला. त्याने एक यंत्र काढून भिंतीवर लाल ठिपका पाडला आणि खोली मोजली. मावशी त्या ठिपक्यामागे हात नेत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्याने रंगीत छापलेलं एस्टिमेट पाठवलं. भिंती फोडून आतून पाइप, वर प्लास्टर, नवा बोर्ड, एसीची वेगळी जाड लाईन, अर्थिंग, असं सगळं धरून आकडा लाखाच्या वर गेला होता. मी वाचून दाखवला. मावशी शांतपणे म्हणाल्या, "त्याला सांग, घर मना इकाचा नाय."

दुसरा आला त्याने चौथाईत काम करून देतो म्हटलं. मला वाटलं जमलं. पण मावशी एकदम सावध झाल्या. एवढा स्वस्त म्हणजे माल कालचा. त्याला त्यांनी वायर दाखवायलाही सांगितली नाही. फक्त नाक वाकडं केलं, आणि तो काय समजायचं ते समजून उठला.

उठला, पण रिकाम्या हाताने गेला नाही. इथे मावशींचा एक नियम सांगायला हवा. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. भवानीला रिकामं पाठवलं की दिवस वाया जातो, हे बाजारातलं साधं व्यवहारज्ञान. मावशी हल्ली बाजारात रोज बसत नाहीत. त्यामुळे त्या दिवशी घरात जो पहिला माणूस येईल तीच त्यांची भवानी. इलेक्ट्रिशियन मी सकाळी ऑफिसला जाण्याआधी बोलवायचो. तेव्हा भाव पटो न पटो, प्रत्येक जण जाताना कागदात बांधलेले सुके बोंबील नाहीतर ओंजळभर जवळा घेऊन गेला. एक शाकाहारी निघाला, त्याला नारळ मिळाला.

याचा परिणाम काय होणार हे मला कळायला हवं होतं. पनवेलच्या इलेक्ट्रिशियन मंडळींत बातमी पसरली की तलावाजवळच्या बिल्डिंगमध्ये एक मावशी एस्टिमेट दिलं की बोंबील देते. मग न बोलावता माणसं यायला लागली. पळस्प्याहून एक जण मोटरसायकलवर आला. त्याने खोलीत पाऊलही न टाकता दारातूनच आकडा सांगितला आणि हात पुढे केला. एक तर चक्क प्लंबर होता. त्यालाही मावशींनी परत पाठवलं नाही, कारण तो सकाळी सातला आला होता.

असं करत हिवाळा गेला. शेवटी अल्ताफभाई आले. जुन्या पनवेलचे, पांढरी दाढी, शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर. मावशींनी दार उघडलं आणि दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. अल्ताफभाई वर्षानुवर्षं दर शुक्रवारी त्यांच्या पाटीवरून सुरमई घेत आले होते. आणि दर शुक्रवारी मावशींनी त्यांना घासाघीस करून नेमकं हवं तेवढंच लुटलं होतं. आता अल्ताफभाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी फक्त निवृत्तीच्या दिवशी लोकांच्या चेहऱ्यावर बघितलंय.

त्यांनी सावकाश घर फिरून बघितलं. पॉइंट मोजले. पट्टी खरवडून आतली वायर बघितली आणि 'या अल्ला' म्हणाले. मग खुर्चीत बसून प्रत्येक पॉइंटचा भाव सांगितला. मावशींनी नेहमीप्रमाणे निम्मा मागितला. अल्ताफभाईंनी डोळे मिटून, मावशींच्याच चालीत, मावशींचंच वाक्य त्यांना ऐकवलं, "परवडत नाय. घ्यायचा तर घे, नायतर पुढं जा."

त्यांच्या घरात बसून त्यांनाच 'पुढं जा' म्हणणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. मग त्यांनी पदर खोचला आणि नवा डाव टाकला. त्यांच्या पाटीवर मांदेली, बोंबील, कोलंबी यांतलं काही वजनावर मिळत नाही. वाटे लावलेले असतात. एक वाटा घ्या, दोन घ्या, पण मोजत बसू नका. तसंच वायरिंगचं करायचं, असं त्यांचं म्हणणं. हॉलचा एक वाटा, स्वयंपाकघराचा एक वाटा, मधल्या खोलीचा एक मोठा वाटा. एका वाट्यात किती पॉइंट आले ते विचारायचं नाही.

"मावशी, पॉइंट म्हणजे मांदेली नव्हं," अल्ताफभाई म्हणाले.

"मग भाव पापलेटचा कनाला लावतंस?" मावशी म्हणाल्या.

अर्धा तास हे चाललं. मी मध्ये दोनदा एकूण आकडा सांगायचा प्रयत्न केला. दोघांनीही माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू भजनात कोणी मोबाईल वाजवलाय. शेवटी अल्ताफभाई वैतागून उठले, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागले. आणि इथे सगळा घोटाळा झाला.

बाजारात रीत अशी की गिऱ्हाईक उठून चालायला लागतं, चार पावलं जातं, आणि विकणारी त्याला मागून हाक मारते. मग दोघंही थोडं थोडं सोडतात आणि सौदा होतो. अल्ताफभाईंना दर शुक्रवारची ही सवय. ते चालायला लागले, आता हाक येईल म्हणून. पण आज विकणारे ते होते. आणि मावशी आज गिऱ्हाईक होत्या. उठून जायचं ते त्यांनी, पण घर त्यांचंच, जाणार कुठे? तर मावशी खुर्चीत ताठ बसून राहिल्या, हाक त्यानेच मारायला पाहिजे म्हणून. आणि अल्ताफभाई आमच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून राहिले, हाक वरून यायला पाहिजे म्हणून. नीताने त्यांना तिथेच चहा दिला. त्यांनी बिस्किटही घेतलं. मी वरखाली करत होतो, दोन देशांच्या मधल्या वकिलासारखा, आणि माझा ऑफिसचा अर्धा दिवस गेला.

तिसऱ्या वेळी वर गेलो तेव्हा मावशी तशाच बसल्या होत्या. नजर मात्र मधल्या खोलीच्या दाराकडे होती. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, शालेला सुट्टी कवा लागतंय?" मी म्हटलं, कामोठ्याच्या शाळांना आता पंधरवड्यात लागेल. त्या उठल्या, जिन्याच्या कठड्यापाशी गेल्या, आणि ज्या बाईने आयुष्यात कोणालाच तो म्हणेल तो भाव दिला नाही, ती खाली वाकून म्हणाली, "अल्ताफ, ये रे माघारी. तू बोलशील त्यो भाव."

अल्ताफभाई कप ठेवून वर आले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान कुठच्या कुठे गेलं होतं. इतक्या शुक्रवारांचं उट्टं निघालं होतं, पण त्यांना ते गोड लागलं नसावं. त्यांनी विचारलं, एवढी घाई कशाची आहे. मावशींनी सांगितलं, नातू येतोय. अल्ताफभाईंनी मान हलवली आणि आपण होऊन आकडा खाली आणला, मावशींनी मागितलेल्या भावाच्या बराच जवळ. वर म्हणाले, "आणि एक पॉइंट माझ्याकडून. वाट्यावर वर घालतेस ना तू, तसा."

तो वरचा पॉइंट मावशींनी मधल्या खोलीत पलंगाच्या उशाशी घेतला, मोबाईल चार्ज करायला. कारण आरुषच्या मोबाईलची बॅटरी उतरली की तो घरी जाऊ म्हणतो, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं.

काम सुरू झालं. भिंतींना चर पडले, सगळ्या जिन्यात सिमेंटची धूळ झाली, आणि चेअरमननी मला तीन पत्रं लिहिली. काम आठवड्यात व्हायचं ते लांबलं, याचं कारण मी लेखी दिलं नाही. कारण असं होतं की मावशी अल्ताफभाईंना आणि त्यांच्या माणसांना रोज दुपारी कोलंबीचं कालवण आणि भात वाढायच्या. त्यानंतर कुठल्याही मजुराच्या हातून चारच्या आत ड्रिल उचललं जाणं शक्य नव्हतं. एकदा मी तपासणीला म्हणून गेलो. मलाही वाढलं. पुण्यात कळवू नका, पण मीही तिथेच भिंतीला टेकून झोपलो.

पण झालं. नवा पांढरा बोर्ड लागला, मधल्या खोलीत एसी लागला. मावशींनी बटण दाबलं, फ्रीज चालू, टीव्ही चालू, मिक्सर चालू, आणि फ्यूज उडाला नाही. त्यांनी मला, नीताला आणि जिन्यातून चाललेल्या कुरियरवाल्याला आत बोलावून हा चमत्कार दाखवला. मग महेशला फोन लावला. तो खूश झाला. "वा आई, येतो," म्हणाला.

आणि त्याच्या मनात होतंही. पण आरुषला पोहण्याचा क्लास लागला होता. तो संपला तर रोबोट बनवायचं शिबिर. मग सुनेच्या माहेरची मंडळी लोणावळ्याला चालली होती. एका रविवारी तिघं जेवायला आले, खोलीत जाऊन आले, "मस्त गार आहे आजी," असं आरुष म्हणाला, आणि चारच्या आत गाडी निघाली. त्यानंतर दर शनिवारी फोन यायचा, उद्या जमलं तर बघतो. यात खोटं काही नव्हतं. जमायचं नाही एवढंच.

मे संपत आला त्या सुमारास आमच्या गॅलरीत पाणी ठिबकायला लागलं. वरच्या एसीचा पाइप नेमका आमच्या दोरीवर येतो. नीताने वाळत घातलेल्या चादरीवर दिवसभर थेंब पडत राहिले. शनिवार गेला, रविवारी परत तेच. माझ्यातला सेक्रेटरी जागा झाला. एवढं बिल, एवढं पाणी, आणि एका माणसाला एसी लागतो तरी किती? चार शब्द जुळवून मी वर गेलो.

मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. मानेवरून घाम निथळत होता. पदराने वारा घेत होत्या. मधल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं. मी ते जरासं उघडलं. आत गार हवा, पलंगावर गाड्यांची चित्रं असलेली नवी चादर ताठ घातलेली, उशाशी त्या वरच्या पॉइंटला लावून ठेवलेला चार्जर. खोलीत कोणी नव्हतं.

मी म्हटलं, मावशी, एसी चालूच आहे तर तुम्ही तरी आत बसा की.

"मी बसले तं मासलीचा वास लागल," त्या म्हणाल्या. "सूनबाईला चालत नाय."

मी काय बोलणार होतो ते विसरलो. पण सवयीने एवढं विचारलंच, की येणार आहेत का ते आज? फोन आला का?

"फोन नाय," मावशी म्हणाल्या. "पन रविवार हाय. गिऱ्हाईक कवा येल, सांगता येत नाय भाऊ. त्यो येल तवा बर्फ आनाला धावून चालतंय काय? माल आदीपासून बर्फावर ठेवाचा." आणि मग, मी दार धरून तसाच उभा होतो म्हणून, जरा रागानेच म्हणाल्या, "दार लोट. थंडी जातंय भायेर."

मी दार लोटलं, नीट बसलं का बघायला एकदा हाताने दाबलं, आणि खाली आलो.

नीताने विचारलं, सांगितलं का त्यांना पाण्याचं? मी म्हटलं, सांगितलं. मग मोरीतली बादली आणली, गॅलरीत त्या ठिबकणाऱ्या पाण्याखाली ठेवली, आणि चादर दोरीच्या दुसऱ्या टोकाला सरकवली.